आईला पलीकडे न्यायची मोटर

९ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, घरी न्या. म्हणजे काय, ते कळतं मला. दुपारी आईला आणलं. माझी बायको आराधना चमच्यानं पाणी पाजते, तेही ओठांतून बाहेर येतं.

आईला दादांच्या, माझ्या वडिलांच्या, शेजारी ठेवायचं. हे घरात कुणी बोललं नाही, बोलायची गरजच नाही. त्यांच्या कबरीशेजारी तिची जागा राखून ठेवलेली आहे. गाव धरणात गेलं, चर्च या काठावर आलं, पण कबरस्तान पलीकडच्या टेकाडावरच राहिलं. आमची माणसं शेवटची बोटीनंच जातात. आणि गावात मोटरबोट एकच — माझी!

मोटर मात्र दिवाळीपासून कुरकुरतेय.

१० जानेवारी, शनिवार

मोटर बोटीवरून काढली, लिंबाखाली टांगली. खालचा स्क्रू सोडला तर गियरचं ऑइल कुठलं — दुधाचा चहाच बाहेर आला! आत पाणी शिरलंय. पंखा काढून पाहिला. मागे जाळ्याचा नायलॉनचा दोरा गच्च आवळलेला, त्यानंच पाणी अडवणारं सील कापलंय. जाळंही माझंच, दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडू?

आराधना भांडी घासता घासता बघत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाई अजून जित्या हायेत. अन् तुमी त्यांची गाडी तयार करायला बसलात व्हय?"

तहान लागल्यावर विहीर खणायची का, म्हणालो. ती उठून आत गेली. लाज वाटली मला. पण पावसाळ्यात कृपादानकाकांना नेताना मोटर मध्येच बंद पडली होती. त्यांची शवपेटी घेऊन आम्ही वाऱ्यावर भरकटत होतो आणि काकू बोटीत ऊर बडवून घेत होत्या. आईचे असे हाल मी होऊ देणार नाही.

११ जानेवारी, रविवार

चर्चला गेलो नाही. एस्तेरताईचा फोन. रडत होती — "दादांच्या शेजारीच ठिव रं तिला. जन्मभर त्यांच्या मागं मागं चालली ती." हो म्हणालो.

१२ जानेवारी, सोमवार

सील राहुरीत नाही, शेवटी नगरला मिळालं. तिथूनच हनुमंतला फोन लावला. धरणावरच्या सगळ्या मोटरी तोच उघडतो.

"वरनं वतू नको रं, ट्रॅक्टर न्हाई ती! खालच्या भोकातनं दाबत जा. वरच्या भोकातनं आलं की आदी वरचं बंद कर, मग खालचं. न्हाईतर आत हवा ऱ्हाती अन् गियर जळत्यात. वायसरबी नवे टाक."

मग म्हणाला, "येवढी घाई कुनासाठी?"

आईसाठी, म्हणालो.

१३ जानेवारी, मंगळवार

सील बसलं. हनुमंतनं सांगितलं तसं खालून ऑइल भरत गेलो. नळी दाबून दाबून अंगठा भरून आला. वरच्या भोकातून स्वच्छ ऑइल आलं आणि मला आनंद झाला! आत आई कण्हतेय आणि हा आनंद! कसला माणूस मी!

पाण्याच्या पिंपात पंखा बुडवून मोटर सुरू केली. जराही कुरकुर नाही. आराधना बाहेर आली, थोडा वेळ उभी राहिली, म्हणाली, "चांगली चालती." एवढंच. राग गेला असावा तिचा.

आता काळजी नाही. आईनं खुशाल जावं — असं मनात आलं. तसंच लिहून ठेवतो.

१४ जानेवारी, बुधवार

सकाळी आईनं डोळे उघडले. कालचा आवाज तिनं ऐकला होता. माझं मनगट धरलं, म्हणाली, "नोहा, तिकडं नगं. तुझ्या बापाशेजारी नगं ठिवू. लई मारलं त्यानं. तुमा पोरांना कळू दिलं न्हाई मी. हितंच कुठंबी पुर, पन मला येगळी निजू दे."

मी हो म्हणालो.