परत गेलेला शिधा

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तरी लिहितोय. कचेरीतून आणलेल्या एका जुन्या छापील कागदाच्या पाठीवर लिहितोय, पुढल्या बाजूला मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा शिक्का आहे. काल तुझी तेरवी झाली. आज शेजारच्या प्लॉटातले तात्या आले आणि म्हणाले, "नामदेवराव, येक मात्र बरं झालं. म्हातारी आपल्या मानसाईत गेली." मी "हाव" म्हटलं. ते गेल्यावर मी कागद घेऊन बसलो.

मला रडू येत नाही, माय. तेरा दिवसांत एकदाही आलं नाही. अंघोळ करतो, जेवतो, उद्यापासून कचेरीतही जाईन. आत काही हलतच नाही.

खामगावात कापसाच्या जिनच्या पलीकडे प्लॉट पडले तेव्हा तू काय म्हणाली होतीस, आठवतं? "मले तिथं कोन वळखीन?" मी म्हटलं, "तिथं समदे आपलेच हायेत." तू सुपारी कातरत होतीस. मान वर न करता विचारलंस, "मंग इथं कोन हायेत रे?" मी हसलो. तेव्हाच उत्तर शोधायला हवं होतं!

पण आपली जुनी गल्ली तरी कुठे उरली होती? कोष्टी नाल्यापलीकडे गेले. मारवाड्यांनी बाजाराजवळ माड्या बांधल्या. माळ्याच्या गोदाकाकू लेकाबरोबर मळ्यावर राहायला गेल्या. ज्याने त्याने आपापली माणसं धरली. मागे राहिली फक्त पिंजाऱ्यांची चार घरं, त्यांत अमीनाचाचीचं. आणि खरं सांगू? ती गल्लीही काही स्वर्ग नव्हती. गावकुसाबाहेरच्यांना आपण तिथंही कधी जागा दिली नाही.

अमीनाचाचीचा नवरा गेला तेव्हा तिच्या घरी तीन दिवस चूल पेटली नाही. तीनही दिवस तूच पिठलं-भाकर नेलीस. मग आपले बाबा गेले. मसणवटीतून परतून आम्ही कडुनिंबाचा पाला चावून ओसरीवर बसलो होतो. चाची फडक्यात ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मीठ, चार मिरच्या बांधून घेऊन आली. तिच्या हातचं शिजलेलं आपल्याला चालत नव्हतं, म्हणून कच्चा शिधा. घरात कुणी गेलं की ती तो गोदाकाकूंच्या ओसरीवर ठेवायची, गोदाकाकू रांधायच्या, आणि मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी देतात तो कडू घास समजून आपण ते खायचो. सगळ्या गल्लीला ही रीत ठाऊक होती, कुणी कधी बोलून दाखवत नसे.

माय, रागावू नकोस, पण तिची भाकर तूही कधी खाल्ली नाहीस ना? तुझी भाकर तिच्या घरात गेली, तिची आपल्या उंबऱ्यापर्यंतही आली नाही. तुला कधी वाईट वाटलं का गं?

तू गेलीस त्या दिवशी नव्या वस्तीतलं प्रत्येक घर येऊन गेलं. सगळे आपल्याच जातीचे! हात जोडून उभे राहिले, "काही लागलं त सांगजा" म्हणाले, आणि गेले. भाकर कुणीच आणली नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसरा आणेल. वाईट कुणीच नाही त्यांच्यात. तुझ्या सुनेने, सुभद्रेने, लेकीला मुरमुरे दिले. आम्ही दोघं पाणी पिऊन बसलो.

दिवस मावळायच्या आधी कोपऱ्यावर अमीनाचाची दिसली. जिनच्या रस्त्याने पायी आली होती, ह्या वयात! हातात तसंच फडकं. आजूबाजूचे लोक ओट्यांवर बसले होते. मी उठलो आणि तिला अर्ध्या वाटेतच गाठलं. दारापर्यंत येऊ दिलं नाही, माय. मी तुझा लेक!

"चाची, काऊन तरास घेतला? इथं समदं हाये."

"कच्चाच हाये बेटा. गिरनीतून दळून आनलं, सुपानंच भरलं. म्या हात नाही लावला."

"पन इथं रांधीन कोन?"

तिने फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

"खरं हाये, बेटा. इथं गोदा नाही."

आणि परत गेली. मी तिला पाठमोरी जाताना बघत उभा राहिलो. तुझं तोंडही तिला बघता आलं नव्हतं, ते मला घरात आल्यावर सुचलं. चुलीत राख थंड होती. सुभद्रेने विचारलं, "कोन होतं?" मी म्हटलं, "कोनी नाही."

हे दोन शब्द तेव्हापासून घशात आहेत. तेरवीचं जेवण त्यांच्यावरून खाली गेलं, पण ते काही हलले नाहीत.

तर माय, तुला वचन देतो. उद्या कचेरीत जायच्या आधी मी गल्लीत जाईन. चाचीला शिधा मागणार नाही. तिच्या चुलीसमोर बसेन आणि म्हणेन, भाकर दे, तुझ्या हातानं थापलेली. दार उघडं असेल त्या वेळेला जाईन, सगळ्यांना दिसेल असा बसेन. तिने नाही म्हटलं, तर परवा पुन्हा जाईन. रडू आलं तर तिथंच येईल.

तेरा दिवस झाले, माय. तुझा कडू घास मी अजून खाल्लेला नाही.

तुझा,
नामा