नळाच्या पाण्यातले बटाटे

१४ नोव्हेंबर, मंगळवार
पाण्याची नवी लाइन आज जोडली. आठ वर्षांनी नळाला स्वच्छ पाणी! खाणीपायी आमच्या खोऱ्यातलं पाणी तांबडं झालं होतं, वर सडक्या अंड्यांचा वास. आज वास नाही, रंग नाही. तपासणीचा कागद यायच्या आधीच आमचे आर्लेनराव दोन ग्लास पिऊन बसले. म्हटलं, जरा दम धर. ऐकतो कुठे!

१५ नोव्हेंबर
दोनदा अंघोळ केली. कारण काही नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार
कागद आला — पाणी शुद्ध! लगेच लेकीला, ट्रीनाला, तिकडे कोलंबस शहरात फोन लावला. इथल्या अंघोळीने तिच्या छोट्या कोल्बीच्या अंगावर चट्टे उठले, त्यानंतर तीन वर्षं तिने या घरात पाऊल ठेवलेलं नाही. थँक्सगिव्हिंगला, आभार मानायच्या सणाला, आम्ही दोघंच टर्कीसमोर बसतो. आज तिने कागद दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, येते, कोल्बीला घेऊन. जावयाला सुट्टी नाही. फोन ठेवला आणि रडून घेतलं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार
आज थँक्सगिव्हिंग, आणि काय बावळट बाई मी! सकाळपासून रांधत होते — टर्की, बटाटे, ग्रेव्ही, मक्याचा पाव. बाराला ट्रीना आली, तडक स्वयंपाकघरात. ओट्यावर रिकाम्या बाटल्यांची रांग बघितली आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, सगळं विकतच्या पाण्यात शिजवलंस? म्हणजे नळावर तुझाच भरवसा नाही, आणि माझ्या पोराला तेच पाजायला निघालीस!"

आठ वर्षांची सवय — हात आपोआप बाटलीकडे गेला. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. सांगून तिला पटेना. कोट अंगातच, गाडीची किल्ली हातात.

मी बटाट्यांचं पातेलं उचललं आणि कोंबड्यांच्या बादलीत रिकामं केलं. आर्लेन कळवळला, "अगं, ग्रेव्ही तरी राहू दे!" नाही राहू दिली. नळ सोडला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थोड्या वेळाने बघते तर शेजारी ट्रीना बटाटे सोलतेय. कोट खुंटीवर.

जेवायला साडेचार झाले. टर्की गारढोण. रिवाजाप्रमाणे घास घेण्याआधी एकेकाने आभार मानले. आर्लेनने पाण्याचे, छपराचे आणि आपल्या नव्या गुडघ्याचे मानले. कोल्बीने आमच्या कुत्र्याचे. मग ट्रीनाची पाळी आली. उठली, कोल्बीचा पेला नळाखाली धरला आणि भरून त्याच्यापुढे ठेवला. तो गटागटा प्यायला. देवा, तुझे फार उपकार.

२४ नोव्हेंबर
कोल्बी तासभर टबमध्ये. एक चट्टा नाही — मी तीनदा बघितलं.

२५ नोव्हेंबर, शनिवार
ट्रीना अंगणात नवऱ्याशी फोनवर बोलत होती. खिडकी उघडी होती, मी ऐकलं. "डस्टिन, घरमालकाला सांग, जागा सोडतोय. आपण इकडे राहायला येतोय."