मांजर शिवलेला पिंड ग्राह्य न धरणेबाबत

प्रति,
मा. मानद सचिव (श्री. निशिकांत राजाध्यक्ष),
व्यवस्थापन समिती, फर्नवेल कॉन्डोमिनियम,
चोआ चू कांग, सिंगापूर.

अर्जदार : श्रीनिवास गणेश टिपणीस, ब्लॉक ५, तळमजला.

विषय : शेजारील फ्लॅटमधील ‘चकली’ नावाचे मांजर मंगळवार, दि. ६ सप्टेंबर २०१६ रोजी सकाळपासून दुपारपर्यंत घरात बंद ठेवण्याचा लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा इंग्रजी तक्रार अर्ज, जून २०१६. २) मॅनेजिंग एजंटचे मला आलेले ताकीदपत्र, जुलै २०१६.

महोदय,

माझा पहिला अर्ज इंग्रजीत होता. मॅनेजिंग एजंटच्या ऑफिसातल्या मुलीने तो माझ्यासमोर वाचला आणि म्हणाली, “अंकल, कॅट ओन्ली लाह. यू टॉक टू नेबर.” पिंडाला मी अर्जात ‘राइस बॉल’ लिहिले होते. तिथेच माझी तक्रार हलकी झाली. आपण मराठी आहात, आणि माझ्या पत्नीच्या दहाव्याला आपण स्वतः आमच्या बागेत उभे होता. म्हणून हा अर्ज मराठीत करीत आहे. मी जुरोंग आयलंडवर सुपरवायझर होतो. कामाचे रिपोर्ट लिहिण्यापलीकडे मला लिहिण्याची सवय नाही, तरी जे झाले ते क्रमाने लिहितो.

सदर मांजर श्री. प्रबोध आठल्ये व सौ. मीनल आठल्ये यांचे आहे. त्यांनी ते कार पार्कमधून उचलून आणले. त्याचे शेपूट वाकडे आहे म्हणून नाव चकली ठेवले. ते दोन्ही बागांमधल्या भिंतीवरून माझ्याकडे येते. माझ्या पत्नीने, कै. सुनेत्राने, मागच्या बाजूला अळू लावले होते, त्या वाफ्यात ते घाण करते. त्यामुळे वर्षभरात मला घरचे अळू खाता आलेले नाही. स्वयंपाकघरात शिरून दुधाची साय खाते. एकदा कपाटाचे दार उघडे राहिले तेव्हा ते सुनेत्राच्या साड्यांवर झोपले. त्या साड्यांना तिचा वास होता. आता मांजराचा आहे. मी हे सौ. मीनल यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, ड्रायक्लीनला टाकते ना मी, तुम्ही द्या इकडे.” मी दिल्या नाहीत.

हे मांजर मला आवडत नाही. ते उद्या दिसेनासे झाले तर मी शोधायला जाणार नाही. परंतु मी त्याला आजवर हात लावलेला नाही व लावणारही नाही. इथे त्याला कायदा आहे हे मला माहीत आहे.

आता मुख्य तक्रार. सुनेत्रा मागील वर्षी ऋषिपंचमीला गेली. दहावे समुद्रावर करायचे ठरले होते, पण तेव्हा इंडोनेशियातल्या जंगलांच्या आगींचा धूर इतका होता की मला दम्यामुळे बाहेर पडता येईना. म्हणून गुरुजींच्या संमतीने पिंड आमच्या बागेत ठेवला. आपण, आठल्ये दांपत्य, ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून आलेले माझा मुलगा नील व सून राधिका, सर्व तोंडाला मास्क लावून उभे होते. कावळा शिवेना. आपल्यात अशा वेळी गेलेल्या माणसाची जी इच्छा राहिली असेल ती पुरी करण्याचा शब्द मोठ्याने देतात, आणि बरोबर शब्द दिला की कावळा येतो. मी प्रथम म्हणालो, तुझी झाडे सुकू देणार नाही. कावळा आला नाही. मग म्हणालो, तुझे दागिने राधिकाला देईन. तरी आला नाही. तेव्हा नील माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, “बाबा, पर्थचं म्हणा ना. आमच्याकडे येऊन राहीन म्हणा.” मुलाचे मन मोडू नये, आणि धुरात सगळी माणसे ताटकळली होती, म्हणून मी तेही म्हणालो. माझा शब्द पुरा होतो न होतो तोच हे मांजर भिंतीवरून उतरले, सर्वांच्या पायांमधून गेले आणि त्याने पिंडाला तोंड लावले.

मी ‘हाड’ म्हणालो. तोवर सौ. मीनल डोळे पुसत म्हणाल्या होत्या, “घेतलं हो काका, काकूंनी घेतलं!” श्री. प्रबोध यांनी नीलच्या पाठीवर हात ठेवला. राधिका रडू लागली. मी गुरुजींकडे पाहिले. त्यांना पुढे दुसरीकडे जायचे होते. ते म्हणाले, “तोही जीवच आहे, टिपणीस. मनाला लावून घेऊ नका.” मग त्यांनी नियमाप्रमाणे दर्भाचा कावळा करून शिववला आणि विधी पुरा केला. आपण मास्क खाली करून चष्मा पुसलात, ते मी पाहिले. आपल्याला तेव्हा काय वाटले ते मी कधी विचारले नाही. आज अर्जाने विचारतो आहे.

त्या दिवसापासून माझा मुलगा मांजराचे शिवणे पक्के धरून चालला आहे. दर रविवारी पर्थहून फोन येतो. “बाबा, फ्लॅट विकायला केव्हा काढताय?” मी म्हणतो, ते मांजर होते. तो म्हणतो, “सो? यू प्रॉमिस्ड, बाबा. एव्हरीबडी हर्ड. आई टूक इट ऑलरेडी, व्हॉट.” तो लहानपणापासून इथल्या शाळेत शिकला, त्याला कावळा काय आणि मांजर काय, सारखेच. राधिका तरी म्हणते, “बाबांना वेळ द्या.” परंतु तिनेही माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे व खोलीचा फोटो पाठवला आहे. आठल्ये दांपत्य तर गेटपाशी भेटले की विचारतात, “काका, मग पर्थ कधी?” जणू त्यांच्या मांजराने माझे तिकीट काढले आहे.

याबाबत माझे म्हणणे असे की मांजराचा निकाल मला मान्य नाही. कारणे देतो. एक तर मांजर तिथे बोलावलेले नव्हते. ते दुसऱ्याच्या हद्दीत घुसलेले होते, आणि घुसखोराने खाल्लेल्या घासावरून कुणाचे घर ठरत नाही. दुसरे असे की सुनेत्राचे या मांजराशी वैर होते. ती रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झाले की उरलेले पाणी त्याच्या अंगावर फेकत असे. “मेल्या, परत आलास?” हे तिचे शब्द आठल्ये यांनीही ऐकलेले आहेत. ज्याच्यावर तिने पाणी फेकले त्याच्या तोंडून ती मला काही सांगेल, हे मला पटत नाही. आणि ती पर्थला एकदा राहून आलेली होती. तीन महिन्यांसाठी गेली आणि महिनाभरात परत आली. विमानतळावरच म्हणाली, “तिथे खिडकीतून माणूस दिसत नाही हो.” अशी बाई मला तिथे जा म्हणेल का? म्हणेलही. मी एकटा राहू नये म्हणून म्हणेलही. मला ते ठाऊक नाही, आणि हीच माझी अडचण आहे. आजारपणात शेवटी तिला बोलता येत नव्हते. ती माझा हात धरून काहीतरी सांगत होती, मला कळले नाही.

यंदाची ऋषिपंचमी ६ सप्टेंबरला आहे. त्या दिवशी तिचे वर्षश्राद्ध आहे. मी बागेत पान वाढून कावळ्यासाठी घास ठेवणार आहे. म्हणून मागील आठवड्यात मी आठल्ये यांच्याकडे गेलो आणि मांजर तेवढी एक सकाळ कोंडून ठेवण्याची विनंती केली. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, त्याचे विसर्जन नेमके त्याच दिवशी. सौ. मीनल म्हणाल्या, “अहो काका, दार सतत उघडं असणार, किती माणसं येणार! आणि चकलीला कोंडलं की ती पडदे फाडते.” मी म्हणालो, पडदे फाटू देत. त्यावर श्री. प्रबोध म्हणाले, “काका, गणपतीच्या दिवशी मुक्या जनावराला कोंडायचं? तुम्हीच सांगा.” मी म्हणालो, उंदराला कोंडा म्हणत नाही मी, मांजराला म्हणतो आहे. ते हसले. मी हसण्यासाठी म्हणालो नव्हतो. निघताना सौ. मीनल यांनी मला मोदकांना यायचे आमंत्रण दिले. श्राद्धाच्या दिवशी.

ते असेही म्हणतात की गेल्या वर्षी कावळे धुरामुळे आले नाहीत, त्यात मांजराचा दोष नाही. हे खोटे आहे. त्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये उष्ट्या ताटांवर कावळे बसलेले होते, नील जेवण आणायला गेला तेव्हा त्याने पाहिले. त्यानंतर दर महिन्याच्या तिथीला मी घास ठेवीत आलो आहे. गेल्या खेपेला एक कावळा कुंपणावर येऊन बसला होता. मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. मी अजून तोंड उघडले नव्हते. तेवढ्यात मांजर भिंतीवर आले आणि तो उडाला.

आणि एवढे सगळे झाल्यावर ताकीदपत्र मला आले आहे, मांजराला नाही. शिजवलेले अन्न उघड्यावर टाकून पक्षी व उंदीर जमवू नयेत, असे त्यात लिहिले आहे. सोबत फोटो आहे, केळीच्या पानाचा. फोटो भिंतीच्या पलीकडून काढलेला आहे. कुणी काढला ते मी लिहीत नाही.

तरी समितीने खालीलप्रमाणे करावे :

१) सदर मांजर ६ सप्टेंबरला सकाळपासून दुपारपर्यंत बंद खोलीत ठेवण्याचा आदेश आठल्ये यांना लेखी द्यावा. विसर्जनाला निघताना मांजर कुठे आहे ते कुणीतरी पाहून यावे. सिक्युरिटी गार्डला भिंतीपाशी उभे करता येत असेल तर करावे. तो रिकामा नसेल तर आपण स्वतः उभे राहावे. खुर्ची मी देईन.

२) त्या एका सकाळपुरते ताकीदपत्र स्थगित ठेवावे. घास शिवून झाल्यावर जागा मी स्वतः धुऊन देईन.

३) मागील वर्षी दहाव्याला पिंडाला शिवले ते मांजर होते, कावळा नव्हता, एवढे आपण प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणे एका ओळीत लिहून सही करून द्यावे. त्याची प्रत मी नीलला पाठवीन.

मी पर्थला जाणे टाळण्यासाठी हे करतो आहे, असे नील म्हणतो. आपल्यालाही तसे वाटू शकेल. म्हणून इथे लिहून देतो की त्या सकाळी मी सर्व शब्द पुन्हा देणार आहे आणि पर्थचा सर्वांत आधी देणार आहे. मोठ्याने, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा. त्यावर कावळा आला तर मी त्याच दिवशी मुलाला फोन करून फ्लॅट विकायला सांगेन, आणि या घराबाबत किंवा मांजराबाबत समितीला माझ्याकडून पुन्हा एक ओळही येणार नाही. दुसऱ्या शब्दावर आला तर मी इथेच राहीन, आणि मग नीलने रविवारी दुसरे काही विचारावे. कुठल्याच शब्दावर आला नाही, तर मला सुचेल ते ते म्हणत मी दुपारपर्यंत उभा राहीन. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने एवढे माझ्यासाठी अनेकदा केले आहे.

जे असेल ते मी ऐकेन. पण मला माझ्या बायकोला एक गोष्ट विचारायची आहे. मध्ये मांजर नको.

आपला नम्र व उत्तर मिळेपर्यंत दर सकाळी ऑफिसात येणारा,

(सही)
श्रीनिवास गणेश टिपणीस
दि. २२ ऑगस्ट २०१६

सोबत : १) मॅनेजिंग एजंटच्या ताकीदपत्राची प्रत. २) भिंतीवर बसलेल्या मांजराचा फोटो, ओळख पटण्यासाठी. शेपूट स्पष्ट दिसते.