गजराजचा डावरा खेळाडू

११ जानेवारी, शनिवार

हो म्हणून बसले! पप्पांच्या जुन्या कंपनीतले अनंतकाका चहा पिऊन गेले आणि मी कपाळाला हात लावून बसलेय. गजराज टूल्सची हॉकी टीम! कंपनी बंद पडली तेव्हा मी बालवाडीत होते. साकीनाक्याला तिच्या जागी आता काचेची बिल्डिंग आहे. आणि या म्हाताऱ्यांना नऊ फेब्रुवारीला मुलुंडच्या मैदानावर मॅच खेळायचीय. नवा लोगो, नवी जर्सी, सगळं पाहिजे. "तू अंधेरीत दिवसभर लोगोच काढतंस ना गो? मगे आमचो एक काढ."

दिवसभर मी पनीरच्या पाकिटावरची गाय आणखी हसरी करते, काका. पण हे त्यांना कसं सांगणार!

पप्पा, म्हणजे काकांचा रतन, या टीमचे हाफबॅक. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. काका गेल्यावर कपाटातून एक पितळी बिल्ला काढून माझ्यापुढे ठेवला आणि टीव्ही लावला.

१४ जानेवारी, मंगळवार

बिल्ला स्कॅन केला. दातेरी चक्र, आत वाकून बॉल मारणारा खेळाडू, खाली कंपनीचं नाव. टूलरूममध्ये साचे कोरणाऱ्या माणिकनं केलाय म्हणे, पप्पांचा जिगरी दोस्त. कंपनी सुटल्यावर तो कुठे गेला कुणाला पत्ता नाही. कामात सफाई नाही, पण जीव आहे. आमच्या ऑफिसातल्या लोगोंमध्ये नेमकं उलटं असतं.

जर्सीचा रंग विचारला. पप्पा म्हणाले, "हिरवा. मशीनचा." म्हणजे लेथला लावतात तो, राखाडीकडे झुकलेला. रंगाच्या डब्याचं झाकण घेऊन तेव्हा कापडाच्या दुकानात गेले होते सगळे! मला हे इतकं आवडलं की दुपारभर फक्त तो हिरवा जुळवत बसले. कॉलर पिवळी. मापं मात्र आता सगळी डबल एक्सेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

अरेच्चा — खेळाडू डावरा आहे! इतके दिवस बघतेय आणि आज लक्षात आलं. स्टिकवर डावा हात खाली, उजवा वर. हॉकीत असं नसतंच. डाव्या हाताची स्टिकच नसते, सगळ्यांनी उजव्यानंच खेळायचं. माणिककाकांना हॉकीचा गंध नसावा. एका क्लिकमध्ये माणूस फिरवला. आता कसा दिसतोय! स्वतःवरच खूश आहे मी.

१८ जानेवारी, शनिवार

वाट लागली.

जेवताना पप्पांना मोबाईलवर दाखवलं. आधी हिरव्याकडे बघून हसले. मग बोटांनी चित्र मोठं केलं. मग फोन उपडा ठेवला आणि भात तसाच टाकून उठले. "माझी जर्सी छापू नकोस. मी येत नाही." आई म्हणाली, काय केलंस गं? मला काय माहीत काय केलं!

१९ जानेवारी, रविवार

अबोला. माझी चूक नाही म्हणून मीही बोलत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आज बोलले. मी चहा घेऊन गॅलरीत गेले, ते कुकरच्या मुठीचा स्क्रू आवळत होते — डाव्या हातानं. पाना, हातोडी, सुरी, त्यांचं सगळं डाव्यात. मी लहानपणापासून बघतेय आणि तरी मला काही जुळवता आलं नाही, कमाल आहे माझी.

"शाळेत गुरुजी डाव्या हातावर छडी मारायचे," म्हणाले. "मुंबईला आलो, कंपनीत लागलो, तर हॉकी. तिथं पण उजवा. शिकलो ना. पण हात आधी डावीकडनं निघायचा, मग मी त्याला वळवायचो. तेवढ्यात बॉल पुढं. सगळे ओरडायचे — ए डावऱ्या, झोपला काय रे!" स्क्रूला आणखी एक पिळा दिला. "मग माणिकनं बिल्ले केले. एक हातात घेतला, बघतो तर खेळाडू डावरा. पूर्ण कंपनीत डावरा मी एकटा. तो काय बोलला नाही, मी पण नाही. पण कळतं ना माणसाला."

आणि मी तो एका क्लिकमध्ये फिरवला होता. मला रडूच आलं. पप्पा घाबरले, चहा थंड होतोय म्हणाले.

२२ जानेवारी, बुधवार

खेळाडू परत डावरा केला. लोगो शिकवणारे सर बघतील तर हाकलून देतील मला. देऊ देत. रेषा स्वच्छ केल्या, चक्राचे दाते नीट केले, हातांना मात्र धक्का लावला नाही.

२५ जानेवारी, शनिवार

अनंतकाकांशी जोरदार वाजलं. "गो चेडवा, ह्यो उलटो कित्याक? लोक हसतले आमका! तेव्हा चालला, आता सुधार ना." मी म्हटलं, असाच राहणार. "पण कित्याक?" आता कारण काय सांगू? पप्पांनी ते मला सांगितलंय, टीमला नाही. मी म्हटलं, नसेल पटत तर दुसऱ्याकडून करून घ्या, पण मग पप्पा खेळायला येणार नाहीत. फोन आपटला त्यांनी. साकीनाक्याचा छपाईवाला फाइल मागतोय आणि इथे आमचं हे.

२७ जानेवारी, सोमवार

काकांचा फोन. "छाप गो बाय, तुका हवो तसो छाप. रतन नाय इलो तर टीम कसली?" मग स्वर बदलून म्हणाले, माणिकचा पत्ता लागलाय. बदलापूरला असतो, मुलीकडे. येतो म्हणालाय.

पप्पांना सांगितलं. त्यांनी लगेच न्हाव्याकडे जाऊन दाढी करून घेतली. मॅचला अजून पंधरवडा आहे!

९ फेब्रुवारी, रविवार

किती लिहू! अकरा म्हातारे मशीनच्या हिरव्या रंगात, पिवळी कॉलर, छातीवर डावरा खेळाडू. कुणीही हसलं नाही. भांडुपची टीम साध्या पांढऱ्या बनियनवर आली होती, त्यांना आमचा हेवाच वाटला. पहिला गोल त्यांनी केला, दुसराही. अनंतकाका दहा मिनिटांत धापा टाकत बसले आणि बसल्या जागेवरून शिव्या देत राहिले.

माणिककाका काठी टेकत आले. गुडघे गेलेत, खेळणं शक्यच नव्हतं. पण मी त्यांच्यासाठी जर्सी छापून ठेवली होती, ती त्यांनी शर्टावरूनच चढवली. पप्पा मैदानाच्या मधून, खेळ चालू असताना, स्टिक टाकून त्यांच्याकडे धावत सुटले. अंपायर शिट्टी वाजवतोय, यांना पत्ताच नाही! दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं. तेवढ्यात तिसरा गोल झाला. आपल्या वडिलांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

हरलो. वडापाव खाल्ले. घरी येताना रिक्षात पप्पा झोपून गेले, जर्सी अंगातच.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल एक गोष्ट लिहिली नाही. लिहावी की नाही तेच कळत नव्हतं.

पप्पा खेळत असताना माणिककाका माझ्या शेजारी बसले होते. लोगोवर बोट फिरवून हळूच म्हणाले, "चूक तशीच ठेवलीस होय पोरी?" साच्यावर कोरतात ते बिल्ल्यावर उलटं उमटतं. अक्षरं त्यांनी सवयीनं उलटी कोरली, आणि माणूस मासिकातला फोटो समोर ठेवून जसाच्या तसा. "प्रेसमधनं निघाला तो डावरा! फोरमननं आईबहीण काढली माझी. सगळे बिल्ले भंगारात घालायला निघालो होतो, वाटेत रतन भेटला. एक उचलला, बघितला, आणि मिठीच मारली मला. मग टाकतोय कसले, तसेच वाटले. त्याआधी धड ओळख पण नव्हती आमची. मी पण त्याला डावऱ्याच म्हणायचो."

मी म्हटलं, काका, प्लीज, पप्पांना नका सांगू.

त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "वेडी आहेस काय? मग एवढी वर्षं मी काय केलं?"