तीन सिलिंडर आणि दुमजली केक

तळेगाव स्टेशन,
रविवार, दुपारची झोप टाळून

नथूभाऊंना ताजुद्दीनचा सलाम आणि वहिनींना नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, बेकरीची भट्टी बरी आहे, आणि संगमनेरला मुलाकडे राहायला गेल्यापासून तुमचाही रक्तदाब बरा असेल असं धरून चालतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर हे पत्र स्वतः वाचा. झालं नसेल तर संदेशकडून वाचून घ्या, कारण पत्र त्याच्यासाठीच आहे.

तुम्ही विचारलंत की संदेश आमच्यासारखीच छोटी टर्बो पेट्रोल गाडी घेतोय, तर ती कशी आहे ते कळवा. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि जे ऐकू आलं नाही त्याला तुम्ही 'व्हय, व्हय' म्हणता. पोरगा तेवढ्यावर गाडी घेऊन मोकळा होईल. म्हणून लिहून कळवतो.

इंजिन एक लिटरचं आहे. म्हणजे आमच्या बेकरीत गोडेतेलाची पिशवी येते, तेवढं. सिलिंडर तीन. मी शोरूममध्ये विचारलं की चौथा कुठे गेला, तर तो मुलगा म्हणाला, "काका, चौथ्याचं काम टर्बो करतो." टर्बो म्हणजे असं बघा, इंजिनातून धूर बाहेर पडतो, त्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो, आणि तो पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा मिळाली की जास्त पेट्रोल जळतं आणि एवढ्याशा इंजिनातून मोठं काम निघतं. गोम अशी की धूर जोरात आला तर पंखा फिरणार, पंखा फिरला तर जोर येणार, आणि जोर आला तर धूर येणार. सुरुवात कोणी करायची ते कंपनीने ठरवलेलं नाही.

शंभर घोड्यांची ताकद आहे असं कागदावर लिहिलंय आणि ते खोटं नाही. फक्त सगळे घोडे एकदम कामावर येत नाहीत. इंजिनाचे फेरे कमी असले की निम्मेअर्धेच हजर असतात. तुम्ही पाय दाबता, काही होत नाही. आणखी दाबता, तरी काही होत नाही. मग तुम्ही शेजारच्याशी बोलायला वळता आणि त्याच क्षणी उरलेले सगळे घोडे एका दमात येतात. (वडगावच्या सिग्नलला मी असा एका रिक्षाच्या मागच्या भागापाशी पोचलो. रिक्षावाला सज्जन होता. त्याने फक्त माझं वय विचारलं.) तीन सिलिंडरांमुळे गाडी उभी असताना बारीक थरथरते. आरशात मागचा ट्रक हलताना दिसायचा आणि बरेच दिवस मी ट्रकवाल्यांनाच नावं ठेवत होतो.

तुम्हाला माहीत आहे, मी जन्मभर डिझेल जीप चालवली. तिला वरच्या गियरमध्ये टाकलं की आंबीच्या रस्त्याला तास-तास हात लावायला नको. या गाडीला तसं चालवलं की आतून कोणीतरी दार ठोठावल्यासारखे ठोके येतात. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, "काका, हळू जायचं तर खालचा गियर घ्या." जाहिरातीत लिटरला वीस किलोमीटर आहेत, मला बारा मिळतात, त्यावर ते म्हणाले, "ते पायावर असतं." थोडक्यात, इंजिनात जे जे होईल ते माझ्या पायावर. इंजिनात तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेलंच आणि वेळच्या वेळी घालायचं. आणि चढ चढून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, कारण तो पंखा तापून लाल झालेला असतो आणि त्याला थोडा वेळ तेल मिळत राहावं लागतं. म्हणून मी पोचल्यावरही आत बसून राहतो. लोक विचारतात, कुणाची वाट बघताय. मी सांगतो, पंख्याची.

आता मुख्य हकीकत. गाडी घेतली ती आमच्या जियासाठी. तिने पुण्याला केकचा कोर्स केला आणि घरी येऊन म्हणाली, "अब्बा, खारी आणि नानकटाईवर किती दिवस चालणार?" मी म्हटलं, माझ्या अब्बांपासून चाललंय. शेवटी असं ठरलं की तिने एक मोठी ऑर्डर घ्यावी. ती नीट पार पडली तर बेकरीच्या पाटीवर तिचं नाव लागेल आणि अर्धं काउंटर केकला मिळेल. नाही पार पडली तर बेंगळुरूच्या हॉटेलात नोकरी आहे, ती तिने धरावी. हे मी बोलून गेलो आणि नंतर मलाच झोप येईना, कारण पोरगी बोलल्याप्रमाणे वागणारी आहे. पोरगी गेली तर घरात आम्ही दोघंच, आणि दोघांपैकी एकालाच बोलता येतं.

ऑर्डर आली लोणावळ्याहून. बाजीराव आणि लीलाबाई म्हणून एक जोडपं आहे, मूळचं शेतकरी घर, आता डोंगराच्या कडेला बंगला बांधून राहतात. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. जियाने दुमजली केक केला. खालचा मजला रुंद, वरचा अरुंद, आणि भोवती क्रीमची मोगऱ्याची फुलं. मी आयुष्यभर पाव भाजले, पण त्या केककडे बघून मला नीट बोलता आलं नाही, म्हणून मी म्हटलं की साखर जास्त वाटते.

निघालो. मी गाडी चालवतोय, मागे जियाची आई अजीजुन्निसा खालच्या मजल्याचा डबा मांडीवर घेऊन, तिच्या शेजारी जिया वरच्या मजल्याचा डबा घेऊन. दोन्ही मजले पोचल्यावर एकमेकांवर ठेवायचे होते. क्रीम वितळू नये म्हणून एसी पूर्ण सोडलेला, आणि एसी लावला की आणखी काही घोडे तिकडे जातात. कार्ल्याच्या फाट्याजवळ बारीक शीळ ऐकू यायला लागली. पाय दाबला की शीळ, सोडला की बंद. मी म्हटलं, टर्बो चांगला तापलाय, गातोय. (हे चुकीचं होतं. पंख्यापासून इंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी सैल झाली होती. अशा इंजिनात ते होतं म्हणे. संदेशला सांगा, शीळ आली की गाडी थांबवायची, कौतुक करायचं नाही.)

लोणावळ्यात शनिवारची गर्दी. चिक्कीच्या दुकानांपुढून मुंगीच्या पावलाने निघालो आणि बंगल्याच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता म्हणजे भिंतीला डांबर लावलंय. मी सवयीने दुसऱ्या गियरला. अर्ध्या चढावर दार ठोठावल्याचा आवाज सुरू झाला. मी पाय पूर्ण दाबला. थोडा वेळ काही नाही, मग सगळे घोडे आले, गाडीने उडी घेतली, बोनेटखाली फुस्स असा आवाज झाला, आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. त्यानंतर गाडी बंद पडली. मागून जियाचा आवाज आला, "अब्बा, वरचा मजला डब्याला लागला." तेवढंच. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी पुन्हा सुरू केली. वर जाण्याऐवजी गाडी थोडी मागे आली. पुन्हा सुरू केली, पुन्हा मागे. खाली पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली आणि प्रत्येक जण हॉर्न वाजवून मला मदत करू लागला. माझे हात ओले झाले होते, भाऊ. एसी पूर्ण सोडलेला असताना.

तेव्हा अजीजुन्निसा म्हणाली, "उतरा तुमी खाली."

मी म्हटलं, "मी उतरून काय करू?"

"मागच्या गाड्या आडवा. आन् ह्यो डबा माज्या जागंवर ठेवा."

ती पुढे येऊन बसली. मी म्हटलं, तुझ्याकडे लायसन्स नाही. ती म्हणाली, "हाय. मागच्या दिवाळीत काढलंय." (जियाबरोबर ती सहा महिने सकाळी 'चालायला' जात होती. चालण्याने वजन कमी का होत नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.) तिने एसी बंद केला, काचा खाली केल्या, पहिला गियर टाकला, हँडब्रेक हळूच सोडला. गाडीत टर्बोचा जोर उरला नव्हता, नुसते तीन सिलिंडर. पण ती एका लयीत, कुठे न धडकता, न उसळता, चढत गेली. मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा होतो. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला राग यायला हवा होता. तो काही आला नाही. नुसतं वाटलं की आपण हे आधी विचारलं का नाही.

मी चालत पोचलो तेव्हा जिया अंगणात केक जुळवत होती. वरचा मजला एका बाजूने चेपला होता, तिथे तिने जादा फुलं लावली, तरी तो किंचित कललेलाच राहिला. लीलाबाईंनी केककडे बघितलं, मग बाजीरावांकडे बघितलं. जिया म्हणाली, "काकू, मी सरळ करते, थोडा वेळ द्या."

लीलाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, पोरी. आमचं बी पन्नास वर्सं असंच उभंय."

केक संपला. पाहुण्यांतल्या तिघांनी जियाचा नंबर घेतला. नळी दुसऱ्या दिवशी कामशेतला शाहबाजच्या गॅरेजमध्ये बसवून घेतली, दिवा गेला. पाटी रंगवायला टाकली आहे.

एकंदरीत संदेशला माझा सल्ला असा की ही गाडी घेऊ नये.

तुमचा,
ताजुद्दीन

ता.क. नवी घेऊ नये असं म्हणायचं होतं. आमची आहे, जपून वापरलेली. संदेशला बघायला पाठवा.

ता.क. २. वरचा ता.क. रद्द समजावा. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी अजीजुन्निसाने वाचलं. गाडी विकायची नाही. तिच्या हाती लिटरला अठरा देते, आणि ठोके येत नाहीत. संदेशने खुशाल घ्यावी, फक्त चालवायला सूनबाईला द्यावी.

ता.क. ३. हे तिला न दाखवता लिहितोय. भाऊ, चार दिवस इकडे राहायला या. आता पुढे त्या दोघी बसतात आणि मी मागे. येत्या रविवारी पवनेच्या बाजूला लग्नाची ऑर्डर आहे. डबे दोन आहेत आणि मांडी माझी एकट्याची.