धाकट्या प्रोटीनचा शोध

३ जानेवारी
यंदा सापडणार.
एकाच जीनचा संदेश दोन तऱ्हांनी जोडला जातो. मधला तुकडा ठेवला तर लांब प्रोटीन, गाळला तर आखूड. मी त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणतो. उंदराच्या मेंदूत थोरलं सगळ्यांनाच दिसतं. धाकट्याचा संदेश मिळतो, खुद्द धाकटं मात्र कोणी पाहिलेलं नाही. चार वर्षं मीही नाही. पण ते आहे.
गाइड मॅडम म्हणाल्या, मार्चअखेर दाखवा, नाहीतर फेलोशिपची मुदतवाढ विसरा. मी म्हणालो, फेब्रुवारीतच दाखवतो.
संकल्प: रोज आठला लॅबमध्ये.

४ जानेवारी
साडेदहाला पोचलो. सुरुवात दणक्यात करण्यापेक्षा सावकाश केलेली बरी.

९ जानेवारी
हिला दुसऱ्या शहरात वरची जागा देऊ करताहेत. जाऊ का, असं विचारत होती. म्हटलं, थांब, धाकटं सापडू दे, मग कुठे राहायचं ते मीच सांगतो. ती म्हणाली, लोकांच्या निदान बाजारात तरी तुरी असतात, तुझा तर अजून बाजारही भरलेला नाही.
विज्ञान समजायला वेळ लागतो.

२१ जानेवारी
फोटो पुन्हा कोरा. अँटिबॉडी बेकार. नवी मागवली, उंदरात तयार केलेली. ती प्रोटीनला चिकटते, तिला दुसरी, चमकणारी अँटिबॉडी चिकटते, आणि प्रोटीनच्या जागी उजेडाची पट्टी दिसते. शेंबडं पोर करील इतकं सोपं.

२ फेब्रुवारी
शेजारच्या टेबलावर नवी मुलगी आली आहे. मी तिला मनात शंकाबाई म्हणतो. आज विचारलं, सर, मेंदू काढण्याआधी तुम्ही उंदराचं रक्त धुऊन टाकत नाही का? म्हटलं, फुकट वेळ जातो, रक्तात काय ठेवलंय?
नव्या लोकांना वेळेची किंमत नाही. हे कॅन्टीनमध्ये बसून तिला तासभर समजावलं.

११ फेब्रुवारी
दिसलं!
थोरल्याच्या खाली ठसठशीत पट्टी. हिशेबाने धाकट्याचं वजन, प्रोटीनच्या मापात, बावन्न यायला हवं. हे पन्नास भरतं. पोटचं पोर दोनाने कमी भरलं म्हणून कोणी टाकून देतं का?
हिला फोन करून म्हटलं, येत नाही म्हणून कळवून टाक. तिने लगेच फोन ठेवला. आनंदाने असावं.

१२ फेब्रुवारी
शंकाबाई म्हणाली, सर, पहिली अँटिबॉडी न घालता एकदा करून पाहायचं का? म्हटलं, ज्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही त्याने करावं. म्हणाली, मग मी करते.
करू दे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

१९ फेब्रुवारी
यकृतातही तीच पट्टी. प्लीहेत तर सर्वांत ठळक. धाकट्याचा संदेश फक्त मेंदूत मिळतो असं सगळे लिहितात. सगळे चुकले. पेपरचं शीर्षक बदलावं लागणार.

६ मार्च
सादरीकरण. पहिली दहा मिनिटं उत्तम.
मग मॅडमनी कंट्रोल, म्हणजे पहिली अँटिबॉडी न घालता केलेला पडताळा, मागितला. मी म्हटलं, गरज भासली नाही. शंकाबाईने मान खाली घालून आपला फोटो पुढे केला. पहिली अँटिबॉडी नाही, म्हणून थोरलं गायब. धाकटं जिथल्या तिथे, हसत.
मॅडम म्हणाल्या, चमकणारी अँटिबॉडी उंदराची कुठलीही अँटिबॉडी पकडते. न धुतलेल्या रक्तात उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडी असतातच, त्यांचा मोठा तुकडा बरोबर पन्नासला येतो. म्हणजे तुम्ही महिनाभर उंदरात रक्त आहे का ते शोधत होता. सुईने टोचून पाहायचं होतं, पाच मिनिटांत कळलं असतं.
सगळे हसले. शंकाबाई हसली नाही. ते जास्त लागलं.
मुदतवाढ नाही.

७ मार्च
हिला आज सांगणार. डोकं दुखत होतं. सांगितलं नाही.

८ मार्च
पाहुणे आले होते. म्हणजे, येण्याची शक्यता होती.

१० मार्च
सांगितलं. चूक सांगितली नाही, निर्णय सांगितला. म्हटलं, तुझ्यासाठी मी संशोधनावर पाणी सोडतो. जागा घे, मी येतो.
ती म्हणाली, जागा मी जानेवारीतच घेतली. फेब्रुवारीत तुझा फोन आला तेव्हा तिथे घर बघत होते.
खोल्या किती, असं विचारलं. म्हणाली, एक. तुझं इथेच सापडणार होतं ना.
म्हटलं, एका खोलीत दोघं मावतात. म्हणाली, मावतात, पण आधी विचारायचं असतं.
विचारलं.
म्हणाली, बघते.
बघते म्हणजे होच.