नानांचा सोडलेला नाश्ता

नाना,

गेल्या मंगळवारी सकाळी देवपूजा उरकून मी मुलुंडच्या घरातून निघालो आणि कामावर न जाता अंधेरीला गेलो, तुमच्या कारखान्यासमोरच्या उडप्याच्या हॉटेलात. कारखाना आता नाही, त्या जागी काचेची उंच इमारत आहे. हॉटेल मात्र आहे. हात धुवायच्या बेसिनजवळचं कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं. तुमचं टेबल तेच, असं तुमच्या एका जुन्या सोबत्याने मला सांगितलं होतं. मी बसलो आणि वेटरला म्हणालो, "दोन इडली, एक वडा." तो म्हणाला, "वडा डुबाके?" मी म्हटलं, "हो, बुडवून." प्लेट आली आणि मी सगळं खाल्लं, खाली उरलेलं सांबार चमच्याने संपवलं. वडा चांगला होता. हे मुद्दाम लिहितो, कारण तो वाईट निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.

तुम्ही तिथे रोज सकाळी खात होतात हे मला त्याच्या आदल्या आठवड्यात कळलं, तेही रक्त तपासायच्या ठिकाणी. वय पन्नाशीला आलं म्हणून डॉक्टरांनी साखर बघायला सांगितली होती. सकाळी उपाशीपोटी पंधरावीस माणसं बाकांवर बसलेली, आणि उपाशी माणसं जमली की बोलणं खाण्यावरच येतं. कोणी म्हणत होतं मी शिळी पोळी कुस्करून खातो, कोणी म्हणत होतं मला पोह्यांवर शेव नसेल तर दिवस वाईट जातो. एक म्हातारे गृहस्थ काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालत होते. "अगं, एकच खारी खाल्ली गं. सवयीने चहात बुडवली, तोंडात गेल्यावर आठवलं, रक्त द्यायचंय म्हणून." ती म्हणाली, "काका, मग उद्या या." ते वळले आणि माझ्याकडे बघतच राहिले. "तू नानाचा मुलगा ना रे? कानावरून ओळखलं! हे असे सुपासारखे कान मुंबईत दुसऱ्या कोणाचे नाहीत."

ते तुमच्या शेजारच्या लेथवरचे काका निघाले. अकोल्याकडचे, तुमच्या तेराव्याला आले होते तेच. आता घाटकोपरला लेकाकडे असतात, मुलुंडला लेकीकडे आले होते. माझ्या शेजारी बसले आणि खुशीत बोलायला लागले. "माझी तर वाट लागलीच आज, आता मस्त नाश्ता करतो. तुझा बाप असता ना, तर हाताला धरून घेऊन गेला असता. आमची नाश्ता कंपनी होती, चौघांची. पहिल्या भोंग्याच्या आधी इडली-वडा, कधी डोसा. तुझ्या बापाचा एक नियम, वडा बुडवलेलाच पाहिजे. कोरडा आणला तर परत पाठवायचा. अरे, एकदा काय झालं, वडा धपकन सांबारात पडला आणि नानाचा अख्खा शर्ट पिवळा! त्या दिवशी मोठे साहेब येणार होते. तर याने बेसिनमध्ये शर्ट धुतला, पंख्याला वाळत घातला आणि बनियनवर बसून दुसरी प्लेट मागवली! म्हणाला, शर्ट वाळेपर्यंत रिकामं कशाला बसायचं?" बाकावरची सगळी माणसं हसली. मीही हसलो. माझं नाव पुकारलं तेव्हा हसतच उठलो आणि हात पुढे केला. सुई टोचलेली कळली नाही.

तो शर्ट मला आठवतो, नाना. तेव्हा मी दहावी होऊन नुकताच गावाहून आलो होतो, आपण तिघं घाटकोपरच्या खोलीत राहात होतो. संध्याकाळी तुम्ही दारात उभे आहात, छातीवर पिवळा डाग. आई विचारते, हे काय? तुम्ही म्हणता, "एकाचा डबा सांडला अंगावर." आई मोरीपाशी बसून लिंबू आणि मीठ चोळते आहे आणि हळहळते आहे, "उपाशी माणसाच्याच अंगावर अन्न सांडावं, काय ही देवाची थट्टा." तुम्ही खाटेवर बसून पायातले मोजे काढत होतात.

तुमचा नवस मला आठवत नाही, मी तेव्हा तापाने बेशुद्ध होतो. पण तो इतक्यांदा ऐकला आहे की पाहिल्यासारखाच आहे. मी सात वर्षांचा, विषमज्वर, तालुक्याच्या डॉक्टरांनी मान हलवलेली. तुम्ही रात्रीची एसटी धरून मुंबईहून गावी आलात ते घरी न येता थेट भैरोबाच्या देवळात गेलात आणि बोललात, पोरगं उठू दे, सूर्य डोक्यावर येईपर्यंत जन्मभर अन्नाला शिवणार नाही. आई मागून आली आणि म्हणाली, तुम्ही एकट्याने का, मीही नाही. तिसऱ्या दिवशी मी पेज मागितली. तेव्हापासून गावात तुमचं नाव झालं. तुम्ही सुट्टीला आलात की भावकीतल्या बायका पोरांना तुमच्या पाया पडायला सांगायच्या. शाळेत गुरुजींनी मला उभं करून वर्गाला सांगितलं होतं, याच्या बापासारखा बाप मिळायला पुण्य लागतं. मी मान खाली घालून उभा होतो. अभिमान होता, आणि ओझंही होतं.

कसलं ओझं ते तुम्हाला कधी कळलं का? मुंबईला आल्यावर आई मला सकाळी पोहे द्यायची, आणि मी ते भिंतीकडे तोंड करून खायचो. तुम्ही कामावर निघण्याच्या तयारीत असायचात, देवाला हात जोडून, पाण्याचा तांब्या पिऊन. तुमच्यासमोर घास तोंडात घालणं मला जमत नसे. माझ्यामुळे हा माणूस उपाशी जातो, असं वाटायचं. अजूनही मी सकाळचं खाणं ओट्यापाशी उभ्याने, घाईघाईत उरकतो. बायको म्हणते, "कोणी मागे लागलंय का तुमच्या?" आणि माझ्या पहिल्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून गरम जिलेबी आणली होती, ते तरी आठवतं का? मला वाटलं होतं, तुम्ही नुसती हातात घ्याल, दुपारसाठी डब्यात ठेवाल. तुम्ही पुडा माझ्याकडे सरकवलात. "माझं काय सोडलेलं आहे ते तुला माहीत आहे. पुन्हा माझ्यासमोर हे आणायचं नाही." आवाज चढवला नाहीत. मी तो पुडा शेजारी देऊन टाकला आणि त्या दिवशी मीही दुपारपर्यंत काही खाल्लं नाही. तुम्ही मात्र तासाभराने त्या बेसिनजवळच्या टेबलावर बसला असाल.

मी देवाला मानणारा माणूस आहे, तुम्हीच तसं केलंत. म्हणून सांगतो, नवस मोडल्याचा मला राग नाही. लेथवर आठ तास उभं राहायचं म्हणजे पोटात काही लागतंच. गावी येऊन एकदा भैरोबापुढे उभं राहून म्हणाला असतात, देवा, होत नाही, तर देव रागावला नसता. घरी म्हणाला असतात तर आईने पहाटे उठून भाकरी थापली असती, आणि तिनेही चार घास खाल्ले असते. पण तुम्ही भरल्या पोटाने घरी येऊन उपाशी माणसाचा मान घेत राहिलात. इतकी वर्षं. तो मान आईकडे सरकवायला एकदाही तुमचा हात पुढे झाला नाही.

आणि आई खरीच उपाशी राहिली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तिचं चालूच आहे. आता तिला साखरेच्या गोळ्या आहेत, सकाळी खाऊन घ्यायच्या. ती गोळी घेते, खात नाही. गेल्या महिन्यात भाजी निवडता निवडता ओट्यापाशी खाली बसली ती उठेना, अंगाला दरदरून घाम, डोळे फिरलेले. बायकोने जिभेखाली साखर धरली म्हणून वाचली. डॉक्टर मला ओरडले, "पुन्हा असं झालं तर इथे आणायलाही वेळ मिळणार नाही. सकाळी खायलाच पाहिजे यांनी." रिक्षातून घरी आणताना मी तिला किती विनवलं. ती रिक्षातून बाहेर बघत म्हणाली, "त्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत पाळलं. आता त्यांच्यामागं मी मोडू व्हय? वर गेल्यावर काय तोंड दावू?"

म्हणून काकांचं बोलणं ऐकल्यापासून माझ्याजवळ तिला वाचवणारं एक वाक्य होतं. नाना रोज खात होते. एवढं म्हटलं की ती दुसऱ्या दिवसापासून सकाळी खायला लागेल, किंवा त्या दिवसापासून काहीच खाणार नाही. कोणतं ते मला ठरवता येईना. रोज सकाळी पूजेला बसायचो आणि मंत्र म्हणता म्हणता थांबायचो. मला सारखं एकच वाटायचं. देवाने मला उठवलं ते नवसाने, असं मी जन्मभर मानलं. तो नवस दोघांनी बोलला आणि एकीनेच पाळला. म्हणजे मी तिच्या एकटीच्या उपासावर जगलो, आणि पाया पडत राहिलो तुमच्या. तुम्ही चोरून खाल्लंत याचं काही नाही. तिच्या वाट्याचं माझं ऋण तुम्ही स्वतःच्या नावावर लावून घेतलंत, हे मला सहन होत नाही. ते नीट समजावं म्हणून मंगळवारी तुमच्या टेबलावर जाऊन बसलो होतो. वाटलं होतं, तिथे बसल्यावर तुमची काहीतरी बाजू दिसेल. पंखा दिसला. बाजूच्या टेबलावरची माणसं जोरजोरात हसत होती, जागा आनंदाची होती. तुम्ही घरी असे कधी हसला नाहीत.

हॉटेलातून बाहेर येऊन मी फुटपाथवरूनच गावच्या गुरवाला फोन लावला. तुमच्या वेळच्या गुरवाचा हा थोरला मुलगा. त्याला तुमचं काही सांगितलं नाही, फक्त आईचं सांगितलं. तो म्हणाला, "नवस बोलणारा गेला, त्याचं त्याच्यासंगं गेलं. म्हातारीचं तू फेड. ज्याच्यापायी बोलली त्यानंच उद्यापन करायचं असतंय. देवाला नारळ ठेव, आणि सकाळचं पहिलं पान तिला तुझ्या हातानं वाढ. आणि काय रं, म्हातारीला उपाशी मारून देवाला काय मिळणाराय? इतकी वर्सं कुणी इचारलं कसं न्हाई?"

आईला मी एवढंच सांगितलं की गुरव उद्यापन करायला सांगतो आहे. ती दोन दिवस विचार करत होती. मग म्हणाली, "भैरोबाचा गुरव म्हणतोय तर खोटं कसं असंल." आज रविवारी सकाळी बायकोने शिरा केला, उपमा केला, केळीची पानं आणली होती. आई ठेवणीतलं लुगडं नेसली. मी नारळ ठेवला, हात जोडले. दोन पाट मांडलेले दिसले, मला वाटलं दुसरा माझा. आई म्हणाली, "तो त्यांचा. आधी त्यांचं पान वाढ, बाबा. जास्त त्यांनी सोसलंय. मी घरात सावलीत बसून उपाशी, ते यंत्रापुढं उभं राहून."

बायको माझ्याकडे बघत होती. तिला मी सगळं सांगितलं आहे. माझ्या हातात शिऱ्याचं पातेलं होतं, गरम, फडक्यातून चटका बसत होता. तुमच्या पानासमोर मी उभा होतो. त्या वेळी बोललो असतो तर सगळं बोललो असतो. मी आईसमोर बसलो आणि म्हणालो, "गुरवाने पहिलं पान तुझंच सांगितलंय." तिच्या पानावर शिरा वाढला. ती नको नको म्हणत होती, तेवढ्यात मी पहिला घास माझ्या हाताने तिच्या तोंडाशी नेला. तिने डोळे मिटले, तोंड उघडलं. चावत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मग म्हणाली, "गोड जास्त झालंय गं सूनबाई, मला चालतंय का एवढं?" बायको हसली आणि तिने उपम्याची वाटी पुढे केली. आईने तीही संपवली, आणि मग गोळी घेतली.

तुमचं पान मी कोरंच ठेवलं. आईने विचारलं नाही, का ते मला माहीत नाही. तिला मी काही सांगितलेलं नाही, आणि आता सांगणार नाही. तिच्या मनाला धक्का बसेल म्हणून गप्प राहिलो, असं बायकोला मी सांगितलं. हे पत्र मात्र कोणी वाचायचं नाही, म्हणून इथे खरं लिहितो. आईला कळलं असतं तर तिने तुम्हाला तिथल्या तिथे माफ केलं असतं. म्हणाली असती, पुरुषमाणूस, कष्टाचं काम, भूक लागणारच. आणि ते मला नको होतं.